संघात घेणारा माणूस

रविवारची दुपार म्हटली की मला अजून सुक्या बोंबलांचा वास येतो आणि त्याबरोबर एक आवाज आठवतो. गोष्ट सत्तरच्या दशकातली. कफ परेडच्या आमच्या मच्छीमार नगरात रविवारी दुपारी जेवणे आटोपली की बायामाणसे सावलीला टेकत आणि माझा मोठा भाऊ, आमचा दादूस, फाटके जाळे मांडीवर घेऊन ओटीवर बसे. शेजारी ट्रान्झिस्टर. विविध भारतीवर विजय मर्चंट यांचा क्रिकेटचा कार्यक्रम सुरू झाला की जाळ्यातली त्याची बोटे मंदावत. आवाज शांत, एकेक शब्द तोलून टाकणारा. मी शाळकरी मुलगी. त्यातले सगळे मला कळत असे असे नाही. पण तेवढ्या वेळात कुणी दादूसला हाक मारली तर तो रागावत असे, हे पक्के आठवते.

लहानपणी पोलिओने दादूसचा उजवा पाय गेला होता. नाखव्याच्या घरात थोरला मुलगा जन्मला म्हणजे होडीला वारस आला, असे आमच्याकडे मानतात. तो पाय सुकला आणि घरादाराने, सगळ्या वाडीने त्याच्यावर माया उधळली. पाणी हातात, ताट पुढ्यात. त्याने काही करायला घेतले की चार हात पुढे येत आणि ते काम काढून घेत. तू बस, असे त्याला दिवसातून इतक्या वेळा सांगितले जाई की त्याचे स्वतःचे नावही त्याने तितक्या वेळा ऐकले नसेल. त्या मायेत त्याचा जीव गुदमरत होता, हे कळायला आम्हाला फार वर्षे लागली.

२७ ऑक्टोबर १९८७ रोजी विजय मर्चंट गेले. विश्वचषकाचे सामने तेव्हा आपल्याच देशात रंगले होते. वर्तमानपत्रातली बातमी दादूसने आधी वाचली आणि बोट ठेवून माझ्यापुढे केली. ज्याचा आवाज आम्ही इतकी वर्षे ऐकला तो माणूस अंधांच्या आणि अपंगांच्या संस्थांसाठी राबत होता, हे आम्हाला त्या दिवशी कळले. रेडिओवर तो क्रिकेटबद्दलच बोले. दादूस बराच वेळ गप्प होता. तेव्हापासून मी या माणसाबद्दल जे मिळेल ते वाचत आले. त्याच्या धावांचे आकडे पुष्कळांना पाठ असतात. मला वेध होता तो त्याच्या दुसऱ्या डावाचा.

विजय मर्चंट यांचा जन्म मुंबईतलाच, १२ ऑक्टोबर १९११ चा. घराणे ठाकरसींचे, गिरणीमालकांचे. विठ्ठलदास ठाकरसी यांनी महर्षी कर्वे यांच्या महिला विद्यापीठाला १५ लाखांची देणगी दिली आणि आपल्या आईचे, नाथीबाईंचे नाव त्या विद्यापीठाला मिळाले, ते हे घराणे. मग मर्चंट हे आडनाव आले कुठून? त्याची गंमत अशी सांगतात की, शाळेत नाव घालताना बाईंनी मुलाला त्याचे नाव विचारले आणि वडील काय करतात तेही विचारले. वडील व्यापारी आहेत, असे मुलाने इंग्रजीत सांगितले. बाईंनी तेच नावापुढे लिहून टाकले आणि विजय माधवजी ठाकरसी जन्माचा विजय मर्चंट झाला.

भरडा हायस्कूल आणि पुढे सिडनहॅम कॉलेज इथे त्यांचे क्रिकेट फुलले. १९३२ साली भारताचा संघ पहिली कसोटी खेळायला इंग्लंडला निघाला. विशीतल्या मर्चंटना त्या बोटीत जागा मिळाली असती. पण गांधीजी आणि देशातले पुढारी तुरुंगात होते. अशा वेळी राज्यकर्त्यांच्या देशात जाऊन खेळणे मर्चंट आणि एल. पी. जय या दोघांना पटले नाही. दोघांनी नकार दिला. विसाव्या वर्षी इंग्लंडचा दौरा नाकारणे म्हणजे काय, हे ज्याने कधी बॅट हातात धरली आहे त्याला वेगळे सांगायला नको.

मर्चंट यांचे कसोटी पदार्पण मग पुढच्या वर्षी, डिसेंबर १९३३ मध्ये झाले. आपल्या भूमीवरचा तो पहिला कसोटी सामना. तो झाला बॉम्बे जिमखान्यावर, म्हणजे ज्या जिमखान्याचे सदस्यत्व त्या काळी भारतीयांना मिळत नसे तिथे. पाहुण्यांच्या मैदानावर घरच्यांनी उसने येऊन खेळावे, असा तो प्रकार. आणि आपले घर तरी कुठे स्वच्छ होते? ज्या हिंदू संघाकडून मर्चंट पुढे पराक्रम गाजवणार होते, त्याच संघाने एक पिढी आधी पळवणकर बाळू यांच्यासारख्या अव्वल गोलंदाजाला केवळ दलित म्हणून कर्णधारपदापासून दूर ठेवले होते. बाळूंचे धाकटे बंधू विठ्ठल १९२३ साली कर्णधार झाले तेव्हा कुठे ती चूक थोडी पुसली गेली. संघात कुणाला घ्यायचे आणि कुणाला दाराबाहेर ठेवायचे, हा प्रश्न मुंबईच्या मैदानांना नवा नव्हता.

मर्चंट यांची फलंदाजी मी पाहिलेली नाही, त्यामुळे तिचे वर्णन करण्याचा आव आणत नाही. आकडे मात्र बोलके आहेत. १९३६ च्या दौऱ्यात मँचेस्टरला त्यांनी आणि मुश्ताक अलींनी सलामीला २०३ धावा जोडल्या. मर्चंट ११४, मुश्ताक ११२. विस्डेनने १९३७ च्या अंकात वर्षातल्या पाच उत्तम क्रिकेटपटूंत त्यांना बसवले. मध्ये महायुद्ध आले आणि ऐन उमेदीची वर्षे कसोटीवाचून गेली. १९४६ साली ते पुन्हा इंग्लंडला गेले आणि त्या दौऱ्यात त्यांनी २,३८५ धावा केल्या. एकूण कसोटी सामने मिळाले अवघे दहा. पण प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधली त्यांची सरासरी ७१.६४. दीर्घकाळ खेळलेल्यांत त्यांच्या पुढे नाव घ्यायचे ते एका डॉन ब्रॅडमनचे.

आमच्या वाडीपासून ब्रेबॉर्न स्टेडियम फार लांब नाही. समुद्र हटवून काढलेल्या जमिनीवर ते उभे आहे. भरावाच्या जमिनीबद्दल आम्हा कोळ्यांचे मत काय असते ते सर्वांना ठाऊक आहे, तो विषय आज नको. याच ब्रेबॉर्नवर १९४३-४४ च्या हंगामात दोन विजयांची जुगलबंदी रंगली. पंचरंगी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात हिंदू संघाकडून मर्चंट नाबाद २५०. प्रतिस्पर्धी संघातल्या सांगलीच्या विजय हजाऱ्यांनी त्याला उत्तर दिले ३०९ धावांचे, आणि तेही संघाच्या एकूण ३८७ धावांत. त्या हंगामात रणजी सामन्यात महाराष्ट्राविरुद्ध मर्चंट यांनी नाबाद ३५९ केल्या. दादूसला मात्र या साऱ्यात एक तिसराच माणूस आवडे. हजाऱ्यांच्या त्या डावात त्यांचा धाकटा भाऊ विवेक दुसऱ्या टोकाला उभा होता. दोघांची भागीदारी ३०० धावांची आणि त्यात विवेकच्या धावा २१. पण तो उभा राहिला नसता तर थोरल्याचे त्रिशतक झाले नसते. एकवीसवाल्याचीही धावफलकात नोंद असते, यावर दादूसचा फार जीव.

मर्चंट यांचा शेवटचा कसोटी सामना नोव्हेंबर १९५१ मधला, दिल्लीचा. वय चाळीस उलटलेले. त्यांनी १५४ धावा काढल्या, ती त्यांची कसोटीतली सर्वोच्च खेळी. त्याच सामन्यात क्षेत्ररक्षण करताना झेप घेतली आणि खांदा दुखावला. खेळ तिथेच संपला. आयुष्यभर ज्या अंगावर विसंबलो ते अंग एका क्षणात साथ सोडते म्हणजे काय, याची चुणूक त्यांना मिळाली असणार. पुढच्या कामाचे मूळ त्या खांद्यात होते असे मी म्हणणार नाही. माणसे इतकी सरळ चालत नाहीत. त्यांना गिरण्यांचा कारभार होता, पैसा होता, मान होता. निवृत्त क्रिकेटपटूने समारंभांना जावे, बक्षिसे वाटावीत, यात कुणाला काही वावगे वाटले नसते. त्यांनी मात्र हळूहळू वेगळे काम अंगावर घेतले.

त्या वेळी आपल्याकडे काय परिस्थिती होती ते पाहा. अंधांच्या शाळा मुंबईत विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी निघाल्या होत्या. दादरची अंधशाळा १९०० ची, ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा १९०२ ची. अंधांसाठीची राष्ट्रीय संघटना, नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, १९५२ साली मुंबईतच सुरू झाली. १९५९ मध्ये अपंगांसाठी खास सेवायोजन कार्यालय निघाले, तेही पहिले मुंबईतच. म्हणजे शाळा होती, शिक्षण होते, नाव नोंदवायला खिडकीही होती. अडत होते ते त्या खिडकीच्या पलीकडे. अंध मुलगा शिकून बाहेर पडे आणि गिरणीच्या, कचेरीच्या फाटकाशी उभा राही. त्याला आत घेणार कोण? देवळाच्या पायरीवर त्याच्या हातात नाणे ठेवणारे शंभर हात होते, पण त्याच हाताला काम देणारा एक मिळत नव्हता.

या फाटकाची किल्ली ज्यांच्याकडे होती त्यांतले एक विजय मर्चंट होते. गिरणीमालकांच्या जगात त्यांची ऊठबस होती. अपंग माणसाने एकट्याने जाऊन नोकरी मागणे वेगळे आणि मर्चंट यांच्यासारख्याने त्याच्या वतीने शब्द टाकणे वेगळे. त्यांनी तो शब्द टाकला आणि अपंगांना कामावर घ्या असा आग्रह धरला. अंधांच्या राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले. १९६८ साली मुंबईत अपंगांसाठी आणखी एक राष्ट्रीय संस्था स्थापन झाली, तिच्या उभारणीतही ते होते. त्या संस्थेचे इंग्रजी नाव लांबलचक आहे, पण त्यातले दोन शब्द महत्त्वाचे: समान संधी. सहानुभूती, सेवा, साहाय्य असे कितीतरी गोड शब्द हाताशी असताना संस्थेने नावातच संधी मागितली. पुढे चेंबूरला उभ्या राहिलेल्या तिच्या पुनर्वसन केंद्राला मर्चंट यांचेच नाव दिले गेले.

संधी म्हणजे नेमके काय, हे इथे थोडे उलगडून सांगायला हवे, कारण आजही आपला त्यात घोळ होतो. अपंग माणसाला कुठेतरी सामावून घ्यायचे, असे आपण म्हणतो. त्या म्हणण्यात उपकार असतो. त्याऐवजी आधी काम पाहायचे. या कामाला डोळे लागतात की बोटे? पाय लागतात की कान? टेलिफोन ऑपरेटरला दिसलेच पाहिजे असे नाही. बसून करायच्या जुळणीच्या कामात पाय लुळा असला म्हणून अडत नाही. यंत्रांच्या घरघरीत बहिऱ्या माणसाचे काय बिघडते? कामाचे असे तुकडे पाडून ज्याला जे जमते ते त्याच्याकडे द्यायचे आणि मग इतरांइतकेच चोख काम मागायचे. कुठल्याही चांगल्या कर्णधाराने क्षेत्ररक्षण लावताना हेच करायचे असते.

योगायोग असा की, ज्या वर्षांत मर्चंट हे सांगत होते त्याच वर्षांत ते भारतीय क्रिकेटच्या निवड समितीचे अध्यक्ष होते. म्हणजे माणसे निवडणे हेच त्यांचे काम. तरुणांना घ्यायचे, असे त्यांनी ठरवले. त्यांच्या कारकिर्दीत विश्वनाथ आला, गावस्कर आला. आणि आला एकनाथ सोलकर. मरीन ड्राइव्हच्या हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा हा मुलगा तिथल्याच झोपडीत वाढला. ज्या जिमखान्याने कधीकाळी बाळूंना मागे ठेवले, त्याच्याच आवारातल्या झोपडीतून १९६९ साली कसोटीपटू बाहेर पडला.

त्यानंतरचा प्रसंग जानेवारी १९७१ चा. वेस्ट इंडीजच्या दौऱ्यासाठी कर्णधार निवडायचा होता. कर्णधार होते पतौडीचे नवाब मन्सूर अली खान. जुलै १९६१ मध्ये इंग्लंडमध्ये मोटार अपघातात त्यांच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली होती. सहा महिन्यांच्या आत ते भारताकडून कसोटी खेळले, वर्षभरात एकविसाव्या वर्षी कर्णधार झाले. एका डोळ्याने त्यांनी इंग्लंडविरुद्ध नाबाद २०३ धावा काढल्या, १९६८ मध्ये न्यूझीलंडमध्ये देशाला परदेशातला पहिला मालिका विजय मिळवून दिला. अपंगत्वावर मात केलेला त्यांच्याहून मोठा माणूस तेव्हाच्या भारतात दाखवणे कठीण. निवड समितीत मते समसमान पडली. अध्यक्षांचे निर्णायक मत उरले आणि अपंगांसाठी झटणाऱ्या विजय मर्चंट यांनी ते पतौडींच्या विरोधात, आपल्या दादरच्या अजित वाडेकरांच्या बाजूने टाकले.

गदारोळ झाला. १९४६ साली कर्णधारपद मर्चंट यांच्याऐवजी थोरल्या पतौडींना मिळाले होते, त्याचा सूड मुलावर उगवला, असेही बोलले गेले. मर्चंट यांच्या मनातले मला काय ठाऊक? पण या प्रसंगाकडे मी आता वेगळ्या नजरेने पाहते. त्या वादात पतौडींच्या बाजूने आणि विरुद्ध पुष्कळ बोलले गेले. पण त्यांचा डोळा अधू आहे म्हणून त्यांना काढले, असे कुणाला म्हणता आले नाही आणि डोळा अधू आहे म्हणून ठेवा, असेही कुणी म्हटले नाही. जिंकले किती, हरले किती, पुढच्या संघाला कोण हवे, यावरच सगळी भांडणे. निर्णय चूक असेल, बरोबर असेल, पण तो एका कर्णधाराविषयीचा होता. समानतेला ही दुसरी बाजूही असते. ज्याला बरोबरीने संघात घेतले त्याला बरोबरीने वगळताही आले पाहिजे, आणि परतीचे दारही उघडे हवे. पतौडींसाठी ते उघडले. १९७४-७५ मध्ये ते पुन्हा कर्णधार झाले.

वाडेकरांचा संघ वेस्ट इंडीजमध्ये जिंकून आला. पाठोपाठ इंग्लंडचा दौरा. मर्चंट यांच्या समितीने त्या संघात एक नाव घातले, ज्याने भल्याभल्यांच्या भुवया उंचावल्या: भागवत चंद्रशेखर. म्हैसूरच्या या गोलंदाजाचा उजवा हात लहानपणी पोलिओने सुकलेला. सीमारेषेवरून चेंडू फेकायचा तर तो डाव्या हाताने फेकी. पण गोलंदाजी करी ती त्याच वाळलेल्या उजव्या हाताने, आणि चेंडू वळणार कुठे ते फलंदाजाला उमगत नसे. १९६७-६८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यानंतर तो कसोटी संघाबाहेरच होता. त्याला घेणे हा जुगार आहे, पण हिशेब करून खेळलेला, अशा अर्थाचे मर्चंट बोलले होते. हे त्यांचे बोलणे पुढे फार गाजले.

त्या जुगाराचा निकाल लागला २३ ऑगस्ट १९७१ रोजी, लंडनच्या ओव्हल मैदानावर. दुसऱ्या दिवशी गणेश चतुर्थी होती. आमची होडी सणासाठी किनाऱ्याला होती. घरात मखराचे काम चाललेले, आई नारळ खोवत बसलेली, आणि ओटीवर दादूसभोवती पंधरावीस माणसे. तो सोळा वर्षांचा, मी अकराची. इंग्लंडचा डाव कोसळत चालला होता. एकेक गडी बाद झाला की ओरडा होई. इंग्लंड सर्वबाद १०१, चंद्रशेखर ३८ धावांत ६ बळी. चतुर्थीच्या संध्याकाळी आबिद अलीच्या फटक्याने सामना जिंकला आणि इंग्लंडमधली पहिली मालिका आपण खिशात घातली. त्या दिवशी ओव्हलवर लोकांनी चक्क हत्ती आणला होता.

पण आमच्या घरातली गोष्ट घडली ती आदल्या रात्री. गर्दी पांगल्यावर कुणीतरी सहज म्हणून गेले की चंद्रशेखरचा हात आपल्या दादूसच्या पायासारखाच आहे, पोलिओचा. बाबांना हे ठाऊक नव्हते. त्यांनी दोनदोनदा विचारून खात्री करून घेतली. त्याच हाताने टाकतो का, हेही विचारले. मग ते उठून किनाऱ्यावर गेले आणि उशिरापर्यंत होडीपाशी बसून राहिले.

गौरी-गणपतीचे विसर्जन झाले आणि होडी पुन्हा निघायची वेळ आली, तेव्हा बाबांनी दादूसला चल म्हणून सांगितले. आई रडली. वाडीतल्या थोरांनी बाबांना वेड्यात काढले. हलत्या होडीवर दोन पायांची माणसे घसरतात, तिथे हा कसा उभा राहणार? बाबांचा हिशेब साधा होता. उभे राहायला त्याला सांगतो कोण? जाळे ओढायला खलाशी आहेत. इंजिनापाशी बसून ते सांभाळायला कान आणि हात लागतात, आणि दादूसच्या हातांत ट्रान्झिस्टर खोलून पुन्हा जोडण्याचे कसब होते. पहिल्या खेपेला त्याला ओकाऱ्या झाल्या, गुडघा फुटला. परत आला तेव्हा अंगाला डिझेलचा वास आणि चेहऱ्यावर असा भाव, जो आम्ही कधी पाहिला नव्हता. पुढे आसपासच्या कुणाचे इंजिन रुसले की दादूसला बोलावणे येई. बाबांनी विजय मर्चंट यांचे कार्य वाचले नव्हते. पण निवड समितीच्या त्या एका नावाने आमच्या घरातला निर्णय बदलला, एवढे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

हे सांगताना दुसरी बाजूही सांगायला हवी. मर्चंट गिरणीमालक होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि परळ-लालबागची हजारो घरे रस्त्यावर आली. त्या घरांना गिरणीमालकांच्या परोपकाराच्या कथा ऐकवणे सोपे नाही. मालकाच्या भल्या मनावर मिळालेली जागा मालकाचे मन बदलले, गिरणीच बंद पडली, की जाते. दादूसनेही हे अनुभवले. १९८१ हे संयुक्त राष्ट्रांचे अपंग वर्ष होते. त्या वर्षी तो एका कचेरीत मेकॅनिकच्या जागेसाठी गेला. समोरच्या साहेबाने त्याच्या हातातले कागद पाहिलेच नाहीत. पायाकडे पाहिले आणि हळहळून त्याला चहा पाजला. चहा पिऊन तो परत आला. त्या चहाचा विषय घरात कुणी काढत नसे.

म्हणूनच चांगल्या माणसांच्या पुढे कायदा लागतो. संसदेने १९९५ साली अपंग व्यक्तींसाठी कायदा केला, तो फेब्रुवारी १९९६ मध्ये अमलात आला. सरकारी नोकऱ्यांत ३ टक्के जागा त्याने राखून ठेवल्या. त्या कायद्याच्या नावात समान संधी हे शब्द होते. १९६८ च्या मुंबईतल्या संस्थेने ते पाटीवर लिहिले, त्याला तोवर सत्तावीस वर्षे झाली होती. २०१६ च्या नव्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले आणि राखीव जागा ४ टक्के केल्या. आता अपंग हा शब्दही मागे पडून दिव्यांग हा शब्द आला आहे. दादूसला विचाराल तर तो म्हणतो की शब्द कोणताही वापरा, पण कागद आधी वाचा.

वानखेडे स्टेडियमच्या एका स्टँडला विजय मर्चंट यांचे नाव आहे. सोळा वर्षांखालील मुलांची राष्ट्रीय स्पर्धा त्यांच्या नावाने खेळली जाते. ज्या वयात आमच्या दादूसला होडीत जागा मिळाली त्याच वयाची ही मुले. त्या करंडकासाठी खेळणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल की, ज्याच्या नावाचा हा करंडक त्याने अंधांच्या संघटनेचे अध्यक्षपद भूषवले होते?

दादूस आता सत्तरीत आहे. होडी त्याच्या मुलाकडे आहे. रविवारी मी माहेरी जाते तेव्हा तो ओटीवरच असतो, फक्त आता मांडीवर जाळे नसून कुणाचे तरी बिघडलेले यंत्र असते. परवा शेजारच्या घरातली एक मुलगी त्याच्यापाशी बसली होती. तिला ऐकू येत नाही. दादूसने तिचा तळहात इंजिनाच्या पत्र्यावर टेकवून धरला होता आणि थरथर कुठे चुकते आहे ते तो तिला खुणेने दाखवत होता. तिची आई दारातून काळजीने तिला घरात बोलावत होती. मी त्या बाईला हाताला धरले आणि थोडा वेळ आत नेऊन बसवले.